भुईचा घोट

लोखंड पाण्यासारखं ओतता येतं, हे इतकी वर्षं हेच काम करूनही मला अजून पुरतं खरं वाटत नाही. बाटली हातात घेतली की दर वेळी तेच. अंगठ्याएवढी काचेची बाटली आणि आत काळसर तांबडं पाणी, आमच्या डोंगरावरून गारांच्या पावसानंतर वाहत येतं तसं. ती उजेडाकडे धरायची, हळूच कलती करायची, तळाशी गाळ बसलाय का बघायचं. गाळ दिसला तर बाटली बाद, मग कुणी कितीही गळे काढोत. मी नर्स आहे आणि राग माझ्या नाकावर असतो, असं सगळा दवाखाना म्हणतो. खरंच आहे ते. पण त्या बाटलीसमोर मी गप्प होते.

आमचं गाव खाणीचं. इथे हवा विरळ, म्हणून माणसाला रक्त जास्त लागतं. खाली मैदानात ज्या रक्तावर बाई दिवसभर बाजार हिंडते, तेवढ्यावर इथे तिला चूल फुंकवत नाही. आणि एमेतेरियाच्या अंगात तर मैदानातल्या बाईच्याही निम्मं नव्हतं.

ती आली तेव्हा आठवा महिना चालू होता. ओठ गोठवून वाळवलेल्या बटाट्यासारखे पांढरेफटक. मी तिला ओळखलं. मागच्या बाळंतपणात वरच्या वस्तीवरून चार पुरुषांनी तिला घोंगडीत घालून आणलं होतं आणि घोंगडीतून वाटभर रक्त गळत होतं. शहरातून रक्ताच्या पिशव्या वेळेवर पोचल्या म्हणून ती वाचली. नाहीतर त्या दिवशी तिचा मुलगा आईविना झाला असता. या वेळी तसंच झालं, तर तिच्या अंगात सांडायलाही काही उरलेलं नव्हतं. गोळ्या पोटात ठरत नव्हत्या, घेतली की उलटी. डॉक्टर इल्यानेस म्हणाल्या, "आता शिरेतूनच द्यायचं. दिवस थोडे आहेत, सिस्टर."

सोबत तिची सासू होती, दोन्या लिबोरिया; थोरल्या बाईला आमच्याकडे मानाने दोन्या म्हणतात. टोपी डोक्यावर घट्ट, गालात कोकाची पानं, हातात लोकर. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि बाटलीकडे वाकून बघू लागली.

"हे काय आहे?"

"लोखंड."

"हिच्या रक्तात घालणार?"

"हो."

"कुठून आणलं?"

"कारखान्यातून येतं."

"आणि कारखान्यात कुठून येतं?"

मला काय माहीत? मी म्हटलं, "कुठल्यातरी खाणीतून आलं असेल."

"म्हणजे भुईतून," म्हातारी म्हणाली. "मग तिला विचारलं का?"

मी नळाकडे वळले. हात धुवायचे होते. ज्या कामात चूक परवडत नाही, त्या कामात मी तोंड मिटून काम करते. आधी एमेतेरियाला काट्यावर उभं केलं, कारण औषध वजनावर ठरतं. ती इतकी हलकी होती की आख्खी बाटली तिला चालणार नव्हती. थोडं तळाशी राहणार आणि ते टाकून द्यावं लागणार. उघडलेल्या बाटलीतलं उरलेलं दुसऱ्या बाईसाठी ठेवायचं नसतं. मग विचारलं, ताप आहे का, दमा आहे का, कुठल्या औषधाने कधी अंगावर पित्त उठलं का. ती प्रत्येक वेळी मान हलवत होती. आमच्याकडची माणसं मान हलवतात तेव्हा हो म्हणतात की नाही, ते देवालाही कळायचं नाही, म्हणून मी प्रत्येक प्रश्न उलटा फिरवून पुन्हा विचारला. प्राणवायूची टाकी पलंगाजवळ ओढली. ॲड्रेनॅलिनचा ट्रे हाताशी ठेवला, झाकण उघडून. आजवर त्याची गरज पडली ती एकदाच. पण त्या एकदाच्या वेळी तो ट्रे दुसऱ्या खोलीत असता, तर ते माणूस आज नसतं.

लोखंड सलाईनमध्ये मिसळायचं, साखरेच्या पाण्यात कधीच नाही, आणि दुसऱ्या कुठल्या औषधाच्या पंगतीला त्याला बसवायचं नाही. मिसळलं की लगेच लावायचं. पिशवीत सुईतून पहिला थेंब पडतो तेव्हा तो धुरासारखा पसरतो, आणि मग बघता बघता सगळी पिशवी कडक काढलेल्या चहाच्या रंगाची होते. हे मी हजारदा बघितलंय. हजार वेळा माझ्या अंगावर काटा आलाय. डोंगर फोडून काढतात ते, ज्याच्या पहारी होतात, रूळ होतात, ते इथे माझ्या हातात इतकं मवाळ होऊन बसलेलं.

एक गोष्ट मी नेहमी करते आणि तिचा मला गर्व आहे. पिशवी टांगायच्या आधी नळीत साधी सलाईन भरून हवा काढून टाकते, त्यामुळे लोखंडाचा थेंबही वाया जात नाही. माझ्या हातून फरशीवर तांबडा डाग कधी पडलेला नाही.

म्हातारीने ते बघितलं. "पहिला घोट भुईचा असतो," ती म्हणाली.

"दोन्या लिबोरिया, ही मक्याची दारू नाही."

"दारू नसेना का! पिणारी तर आमची आहे ना?"

"हिच्या रक्तासाठी आहे हे. जमिनीवर सांडायला नाही."

"तुझी आई देत नव्हती का गं भुईला?"

माझी आई तर कॉफीचासुद्धा पहिला घोट जमिनीवर ओतायची. आणि ती जमीन मी पुसायचे, रोज, गुडघे टेकून, मनातल्या मनात चडफडत. मी म्हटलं, "माझी आई नर्स नव्हती. बसा तिकडे."

ती बसली. पण जाता जाता सुनेच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

शीर चांगली सापडली, मनगटाच्या बरीच वर, जिथे हात वाकत नाही. आधी साधी सलाईन सोडून बघितलं, सुई नीट आत आहे ना, कातडीखाली फुगत तर नाही. हे लोखंड कातडीखाली गळलं तर तिथे तपकिरी डाग पडतो आणि वर्षानुवर्षं जात नाही. डॉक्टर इल्यानेसनी पोटाला यंत्र लावून बाळाचं हृदय ऐकवलं, टपटप टपटप, खेचराच्या टापांसारखं. एमेतेरिया पहिल्यांदा हसली. मी तिला बजावलं, "छातीत आवळलं, पाठीत दुखलं, श्वास अडकला, खाज सुटली, घशाशी काही वाटलं, तर लगेच सांगायचं. मोठ्याने. कळलं?"

तिने मान हलवली.

मी लोखंड सुरू केलं, हळू, अगदी हळू. नळीतून ती काळी रेघ तिच्या हाताकडे सरकत गेली. मी पलंगाशी स्टूल ओढून बसले. सुरुवातीला मी उठत नाही. दारात राष्ट्रपती येऊन उभे राहिले तरी नाही. एमेतेरियाच्या मोकळ्या हातात लोकरीची लड होती आणि म्हातारी तिच्यातून धागा ओढून गुंडा करत होती. धागा सरसर येत होता. लड हातात फिरत होती. मी घटकेत थेंब बघत होते, घटकेत तिचं तोंड.

आणि धागा थांबला.

म्हातारीने ओढलं, तरी आला नाही. एमेतेरियाची मूठ लडीवर आवळली होती. मान खाली. पांढऱ्याफटक गालांवर लाली चढत होती, कानापर्यंत.

"काय होतंय?"

"काही नाही."

"एमेतेरिया, काय होतंय?"

"काही नाही, सिस्टर." तिचे दात एकमेकांवर दाबलेले होते. "धरलंय फक्त."

"कुठे धरलंय? कोणी धरलंय?"

तिने फरशीकडे बघितलं.

माझा हात नळीच्या चिमट्यावर गेलेलाच होता. लोखंड बंद. डॉक्टरांना अशी हाक मारली की शेजारच्या वॉर्डातली पोरं रडायला लागली. लोखंडाची नळी सुईपासून सोडवली, टोकाला निर्जंतुक टोपण बसवून वर टांगून ठेवली, आणि नव्या नळीने साधी सलाईन जोडली. नळीत उरलेलं लोखंड आत ढकललं जाऊ नये म्हणून नळीच नवी. बीपी घेतलं. जीभ बघितली, ओठ बघितले, अंगावर गांध्या उठल्यात का ते बघितलं. डॉक्टर धावत आल्या, तिची छाती ऐकली, पुन्हा ऐकली. श्वासात शिट्टी नव्हती. बीपी जाग्यावर होतं. सूज कुठे नव्हती. मग त्यांनी बाळाला ऐकलं आणि खोलीत पुन्हा टापा वाजल्या. माझ्या जिवात जीव आला.

"औषधाची साधी कळ आहे ही, बाळंतपणाची नाही," डॉक्टर म्हणाल्या. "छाती आणि पाठ आवळते, चेहरा लाल होतो, आपोआप जाते. औषध काही नको. थांबू या."

आम्ही थांबलो. ॲड्रेनॅलिनच्या ट्रेवरची माझी नजर मात्र हलली नाही; दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. हळूहळू लाली उतरली. मूठ सुटली. लड मांडीवर पडली.

तेव्हा मला राग आला. भीती गेली की मला नेहमी राग येतो. "सांगितलं होतं ना, लगेच बोलायचं म्हणून? तोंडाला काय कुलूप लावलं होतं?"

"तुम्हाला सांगून काय होणार?" एमेतेरिया हळूच म्हणाली. "तिने धरलं होतं, भुईने. आई म्हणाल्या होत्या, धरेल म्हणून. न विचारता तिचं घेतलं की ती छाती धरते. तिचं झालं की सोडते. तोवर सोसायचं."

ही साधी कळ होती म्हणून ठीक. दुसरी असती, ती घसा बंद करणारी, तरी ही बाई अशीच मान खाली घालून, लोकर मुठीत धरून, भुईचा हिशेब चुकता करत निघून गेली असती. माझ्यासमोर. माझा ट्रे उघडा असताना.

"थोड्या वेळाने अगदी हळू पुन्हा सुरू करू," डॉक्टर म्हणाल्या.

"नको." एमेतेरियाने सुईवर हात ठेवला. "मला नको ते. काढा."

"पोरी, मागच्या वेळचं आठवतंय ना तुला?" डॉक्टर तिच्याजवळ बसल्या. "तेवढं रक्त या वेळी गेलं तर मी काहीच करू शकणार नाही. तुला फसवत नाही मी."

"आठवतंय." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "पण तिच्या तोंडचं काढून मी पिऊ? बाळ पोटात असताना? ती बाळाला धरेल."

मी म्हातारीकडे वळले. हिनेच तिच्या डोक्यात भरवलं होतं हे. चांगलं फैलावर घेणार होते. पण तिचं तोंड बघितलं आणि थांबले. तिचे ओठ कापत होते. मागच्या वेळी घोंगडीची कड धरून चार पुरुषांबरोबर तीही पळत आली होती, तिचा घागरा रक्ताने भिजला होता, ते मला एकदम आठवलं. सून जगावी हे तिला माझ्याहून काही कमी हवं नव्हतं. नियम तेवढे तिचे वेगळे होते.

मी टाकायच्या भांड्यातली बाटली उचलून दाखवली. "हे बघा, दोन्या. तळाशी राहिलंय. हे आम्ही कुणालाच देत नाही. हे घ्या तुमच्या भुईला."

म्हातारी ताडकन उठली. "उष्टं? भुईला उष्टं देऊ? तुझ्या घरी पाहुण्याला पातेलं खरवडून वाढतेस का गं?"

डॉक्टर इल्यानेसनी तोंड फिरवलं, खांदे हलत होते. मला हसू आलं नाही. म्हातारीचं बरोबरच होतं. आमच्या आईनेही मला हेच सुनावलं असतं, आणि वर एक धपाटा.

मी टांगलेल्या नळीकडे बघितलं. टोपणाजवळ, अगदी टोकाला, नखाएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. पुन्हा जोडायच्या आधी तो काढावाच लागणार होता. म्हणजे थोडं लोखंड सोडावंच लागणार होतं. नियमच आहे तो: आधी बाहेर सोडायचं, मग माणसाला. आधी बाहेर. मी कितीदा केलंय हे, सलाईनने, आतल्या खोलीत, कुणी बघत नसताना. कधी मनात आलं नाही की मीही पहिला घोट कुणालातरी देतेच आहे.

"वाटी आहे?" मी विचारलं.

म्हातारीने गाठोड्यातून लाकडाची वाटी काढली. तिच्या जवळ असणारच होती.

"खाली धरा. आणखी खाली. वाटी नळीला लागली तर सगळं फेकून देईन आणि पाठोपाठ तुम्हालाही." मी टोपण काढलं, टोक कशालाही लागू न देता हवेत धरलं आणि चिमटा जरासा उघडला. बुडबुडा सरकला, फुटला. मग थेंब. काळा, टोकाशी तांबूस, जड. वाटीत पडला त्याचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला. आणखी एक. आणखी थोडे, गरजेपेक्षा जास्त, हे मी मान्य करते. औषधाच्या थेंबाला जपणारी बाई मी, पण त्या वेळी चिमटा बंद करायला माझा हात उचलेना.

म्हातारी वाटी दोन्ही हातांत धरून अंगणात गेली. एमेतेरियाच्या पलंगावरून खिडकीतून सगळं दिसत होतं. तिने गुडघे टेकले, टोपी काढून बाजूला ठेवली, बोटाने मातीत खळी केली आणि वाटी हळूच कलती केली. ओठ हलत होते. आमची माती तांबडी. लोखंड तिच्यावर पडलं आणि दिसेनासं झालं. ओला डागसुद्धा वेगळा कळेना. कुठे भुई संपली आणि कुठे औषध सुरू झालं, सांगता येईना. मी शिकलेली बाई, पण मी तिथे उभी राहून रडले, का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. एवढंच कळलं की जे मी आजवर हातात धरत आले ते कुणाचंतरी होतं.

म्हातारी परत आली. सुनेच्या कपाळाला बोटाने माती लावायला निघाली, मी डोळे वटारले, तशी तिने स्वतःच्याच कपाळाला लावली. "घे आता," ती म्हणाली. "सांगितलंय तिला. म्हणाली, पोरीला दे."

"आणि छातीत आवळलं तर?" मी विचारलं.

"तर सिस्टरला सांग," म्हातारी सुनेवरच ओरडली. "तिचं तिला मिळालंय. आता काही झालं तर ते या बाईचं काम!"

पुन्हा सुरू केलं, पहिल्याहून हळू. काळी रेघ पुन्हा हाताकडे निघाली. लड पुन्हा फिरायला लागली. मी थेंबांवर डोळे लावून बसले होते, तेवढ्यात एमेतेरिया ओरडली, "सिस्टर! खाज सुटली!"

मी चिमट्यावर झेपावले. "कुठे?"

"नाकावर."

म्हातारी इतकी हसली की गुंडा हातातून सुटून पलंगाखाली गेला. मी तिला रागावले नाही. मी एमेतेरियाचं नाक खाजवून दिलं. नंतर तिला काहीही झालं की ती सांगायची: पाय बधिर झाला, बाळाने लाथ मारली, भूक लागली, खिडकीतून वारा येतोय. मी सगळं ऐकून घेतलं. माझ्या आयुष्यात मी इतकी बडबड इतक्या आनंदाने कधी ऐकली नाही. पिशवी संपल्यावर सलाईन सोडून नळीतलं शेवटचं काळं पाणी तिच्या शिरेत पोचवलं, सुई काढली, आणि अर्धा तास तिला समोर बसवून ठेवलं. त्या अर्ध्या तासात म्हातारी तिच्याकडे टक लावून बघत होती.

"एवढं लोखंड आत गेलं," ती शेवटी म्हणाली, "आणि ही जड नाही झाली?"

मी म्हटलं, "मलाही नवल वाटतं, दोन्या. दर वेळी."

महिन्याभराने, एका दुपारी, एमेतेरिया आपल्या पायांनी चालत दवाखान्यात आली. कळा सुरू होताच निघाली होती, घरी थांबली नव्हती. ओठांना रंग होता. मुलगी झाली, काळ्याभोर केसांची, आल्या आल्या भांडायला तयार. आणि मग, मागच्या वेळेसारखंच, रक्त सुटलं.

ते किती वेगाने येतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. डॉक्टर इल्यानेसचे हात कोपरापर्यंत लाल झाले. मी तिचं पोट दाबून धरलं होतं, दुसरी नर्स औषध देत होती, पलंगाखाली फरशी भरत चालली होती. मागच्या वेळी या घटकेला ती बोलायची थांबली होती. मी तिच्या तोंडाकडे बघायला धजत नव्हते.

"सिस्टर," एमेतेरिया म्हणाली, "डोळ्यांपुढे अंधारी येतेय. सांग म्हणाला होतात ना, म्हणून सांगते."

"बोलत राहा," मी म्हटलं. "बोलत राहा, माझी आई. थांबू नकोस."

ती बोलत राहिली. कुठे दुखतंय, कुठे गार वाटतंय, मुलीला कुणी पांघरूण घातलंय का. आवाज बारीक झाला, पण तुटला नाही. तिच्या आत काहीतरी शिल्लक होतं, ज्यावर ती उभी होती. आणि मग माझ्या हाताखाली गर्भाशय आवळून दगडासारखं घट्ट झालं, आणि रक्त ओसरलं, आणि थांबलं.

दारात म्हातारी उभी होती. मला वाटलं, फरशी बघून ही आता कोसळेल. तिने फरशीकडे बराच वेळ बघितलं. मग सुनेकडे, जी डोळे मिटून कुजबुजत होती की तहान लागलीय. मग टोपी काढली.

"भुईने तिचं घेतलं," म्हातारी म्हणाली. "आमचं आम्हाला ठेवलं."

फरशी ताबडतोब पुसायची असते, जंतुनाशक टाकून, आणि ते काम करायला मी बादली उचललीच होती. मी ती खाली ठेवली. भुईचा घोट होईपर्यंत, थोडा वेळच. मग गुडघे टेकले आणि पुसायला घेतली.